अप्पासाहेबांचे वासे

एका जंगलातून एक नदी वाहत होती, बाळांनो. नदीवर पूल नव्हता. पुलाचं भूमिपूजन मात्र दर निवडणुकीला होई. त्यामुळे सगळे मंजुळा पाणमांजरीच्या होडीतून ये-जा करत.

होडीच्या तळाशी दोन लांबलचक वासे होते. सगळा भार त्यांच्यावर. वाशांवर चुन्याच्या गिलाव्याचं जाड कवच होतं आणि कवचावर ठळक अक्षरं : 'अप्पासाहेब अस्वल यांजकडून सप्रेम भेट.' अप्पासाहेब गेले, तेव्हा त्यांच्या मुलाने, म्हणजे सरपंच दाजीसाहेबांनी, नावाआधी 'कै.' जोडलं. दर नारळी पौर्णिमेला ते तिथे नारळ फोडत आणि अक्षरांवर सोनेरी रंगाचा हात फिरवत. आतलं लाकूड बघायची पद्धत नव्हती.

एकदा मंजुळेच्या पायाखालची फळी दबली. तिने सुतारपक्ष्याला बोलावलं. त्याने कवचावर चोच मारली. टकटक वाजायच्या ऐवजी पचपच वाजलं.

"आत लगदा झालाय, बाई," तो म्हणाला.

मंजुळा घाबरली. चारच दिवसांनी दाजीसाहेबांच्या लेकीचं लग्न होतं, तेही पैलतीरावर. वऱ्हाडात झाडून सगळी अस्वलं! ती धावत सरपंचांकडे गेली.

"दाजीसाहेब, वासे कुजलेत. बदलायला हवेत."

"अप्पांचे वासे कुजले? अगं, अप्पा कधी आजारीसुद्धा पडले नाहीत!"

"वऱ्हाड बुडेल हो."

"वऱ्हाड खुशाल पोहत जाईल. वासे हलायचे नाहीत!"

"आणि नवरी? ती शालू नेसून पोहणार?"

दाजीसाहेब येरझाऱ्या घालू लागले. मंजुळेने डोकं खाजवलं.

"मग बदलायला नको. वाशांना नुसतं औषध पाजू. पण आधी त्यांचं पोट साफ करावं लागेल."

पोटाचा त्रास दाजीसाहेबांना ठाऊक होता. "ते तर करावंच लागतं," ते हळहळून म्हणाले. "अक्षरांना मात्र धक्का लागता कामा नये."

मंजुळेने कवचाला वरून चीर पाडली. आतला काळा लगदा नख्यांनी शेवटच्या कणापर्यंत उकरून नदीत सोडला. रिकामं कवच उन्हात खडखडीत वाळवलं. मग राळ वितळवली, त्यात काथ्याचे तुकडे आणि शिंपल्यांची पूड घातली आणि धिरड्याच्या पिठासारखं ते मिश्रण कवचात काठोकाठ ओतलं. थंड झाल्यावर त्याचा दगड झाला. सुतारपक्ष्याने चोच मारून पाहिली आणि दिवसभर चोच चोळत बसला.

वऱ्हाड निघालं. अस्वलं बसली, वर ढोलताशेही चढले. भर नदीत मोठी लाट आली आणि मंजुळेने वल्हं घट्ट धरलं. होडी साधी कुरकुरलीसुद्धा नाही. नवरी पैलतीरावर कोरड्या शालूत उतरली, तेव्हा मंजुळेला आनंदाने रडूच फुटलं.

दाजीसाहेबांनी होडीच्या तळावर दाणकन पाय आपटला.

"ऐकलात आवाज? याला म्हणतात जुनं लाकूड! हल्लीच्या झाडांना ही सर नाही."

"छे, कुठली!" मंजुळा म्हणाली आणि हसू लपवायला तिने पाण्यात सूर मारला.

तात्पर्य : वाडवडिलांचा वारसा टिकवायचा असेल, तर वरची अक्षरं रंगवत राहावीत आणि आतला वारसा गुपचूप उकरून नदीत सोडावा.