ड्रायव्हरमामांची चारी चाकं

औरंगाबादच्या शोरूममध्ये ड्रायव्हरमामांनी पिशवीतली काळी माती फरशीवर ओतली, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभा होतो आणि आपण यांच्याबरोबर आलेलो नाही असं कसं दाखवता येईल याचा विचार करत होतो.

फरशी इतकी गुळगुळीत होती की तिच्यात पंख्याची पाती दिसत होती. मामा उकिडवे बसले, मातीच्या ढिगात खड्डा केला, टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यात रिकामा केला आणि कणीक मळावी तशी माती मळली. टाय घातलेला एक मुलगा धावत आला. मामांनी चिखलाचा गोळा त्याच्यापुढे धरला.

"हात लाव."

"सर, ही माती..."

"हात लाव रे, चावत न्हाई ती."

त्यानं एक बोट लावलं. ते निघता निघेना.

"बघितलं? पाऊस झाला की आमच्याकडं रस्ता असा होतो. आता सांग, तुझी पुढच्या चाकाची गाडी ह्याच्यातून निघती का?"

त्यानं इंग्रजीत गाडीची उंची वगैरे सांगायला सुरुवात केली. मामा म्हणाले, "ते राहू दे. निघती का न्हाई, तेवढं बोल."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे बघायला लागलो.

मी तेव्हा जालन्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. मामांच्या घरावरची एक खोली मी भाड्यानं घेतली होती. गाड्यांतलं मला काहीच कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. पण मामांच्या मते शिकलेल्या माणसाला सगळं कळतं, फक्त तो आळशी असतो. माझं नाव त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला 'कालेज' म्हणायला सुरुवात केली.

त्यांचं खरं नाव रंगनाथ. तीस वर्षं त्यांनी शेती खात्याची जीप चालवली. निवृत्त झाल्यावर जीप खात्याकडे राहिली, ड्रायव्हर मात्र मामांच्या अंगात राहिला. घरात शिरताना ते चपला उलट्या फिरवून, तोंड रस्त्याकडे करून ठेवत. "गाडी कवाबी निघायच्या तयारीत लावावी." जिन्याच्या वळणावर समोरून कोणी येत असेल म्हणून खोकत, आणि तो खोकला नसून हॉर्न आहे हे मला समजायला दोन महिने लागले. एस्टीत बसले की ड्रायव्हरच्या मागची सीट धरत आणि गिअर चुकला की इतक्या जोरात 'च्च्' करत, की एका ड्रायव्हरनं एकदा गाडी थांबवून विचारलं होतं, "मामा, तुम्ही येता का इकडं?" मामा उठले होते. लोकांनी त्यांना धरून खाली बसवलं.

त्यांच्या जुन्या जीपला मोठ्या गिअरशेजारी एक छोटा दांडा होता. तो टाकला की चारही चाकं जोर लावत आणि जीप मुंगीच्या चालीनं, पण हमखास, चिखलातून निघे. मामा त्याला 'बारका गिअर' म्हणत. जगातल्या सगळ्या अडचणींवर त्यांच्याकडे हा एकच उपाय होता. नातू गणितात अडला, की "बारका गिअर टाक." सुनेचं आणि शेजारणीचं नळावर वाजलं, की "सुनीता, बारका गिअर." माझा इंग्रजीचा पेपर होता त्या सकाळी ते जिन्याखाली उभे होते. "कालेज, घाबरू नको. पहिल्या प्रश्नालाच रेस करशील तर जागीच रुतशील. बारका गिअर टाक, हळूहळू निघ." मी हळूहळू निघालो. शेवटचे दोन प्रश्न राहिले, पण पास झालो.

अशा माणसाला एकच गोष्ट जमत नसे, ती म्हणजे मागणं. चहा हवा असला तरी ते 'चहा दे' म्हणत नसत. रिकामा कप ओट्यावर नेऊन ठेवत आणि भिंतीला सांगत, "टाकी रिकामी झाली."

त्यांचा मुलगा सुरेश. त्याचं एमआयडीसीत बियाणं साफ करून पिशव्या भरायचं छोटं युनिट होतं. धंदा बरा चालायला लागला, तसं त्यानं घरच्यांसाठी मोठी गाडी घ्यायचं ठरवलं. जे मॉडेल त्याला आवडलं होतं, ते दोन प्रकारांत मिळत होतं. एकात नुसती पुढची दोन चाकं गाडी ओढत, दुसऱ्यात चारही. सुरेशभाऊंची एकच चूक झाली. रात्री जेवताना त्यांनी वडिलांना सहज विचारलं, "आबा, कोणती घ्यावी?"

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही.

"पुढच्या चाकाची गाडी म्हंजे बैलगाडी," मामांनी मला समजावलं. "बैल पुढं, लोक मागं. बैल रुतला की खेळ खलास. चारी चाकं म्हंजे घरातले सगळे कमावते."

सुरेशभाऊ शांतपणे म्हणाले, "सगळे कमावते म्हणजे सगळे खातेही. डिझेल किती पिईल? आपण जाणार कुठं? जालना, बदनापूर, औरंगाबाद. सगळा डांबरी रस्ता."

"डांबर संपल्यावर?"

"डांबर संपल्यावर आपलं काय काम आहे आबा?"

मामांनी कप ओट्यावर ठेवला. मग ते वर माझ्या खोलीत आले. "कालेज, वही काढ. दोन रकाने आख."

एका बाजूला मी 'पुढची चाकं' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'चारी चाकं'. पहिल्या रकान्यात डिझेल कमी, किंमत कमी, दुरुस्ती सोपी. दुसऱ्यासाठी मामांनी अकरा कारणं सांगितली. महापूर, भूकंप, सुरेशला पुढे जंगलखात्यात कंत्राट मिळालं तर, नातू सैन्यात गेला तर. मी सगळी इमानदारीनं लिहिली. पण लिहिता लिहिता मलाच ती पोकळ वाटायला लागली. धीर करून म्हणालो, "मामा, रागावू नका. पण ही कारणं जरा... ओढूनताणून वाटतात."

मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. मामांनी वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "बारावं लिही. अक्काचं दार."

आणि त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण, कौसाअक्का, वाटूरच्या पुढच्या एका खेड्यात दिलेली. आपल्याकडे नागपंचमीला लेक माहेरी येते. भाऊ मुराळी होऊन तिला आणायला जातो आणि ती येऊन झोके खेळते. वडील होते तोवर ते बैलगाडी घेऊन जात. ते गेल्यावर मुराळी म्हणजे मामाच. पण पंचमी श्रावणात, आणि त्या दिवसांत साहेबांचे दौरे. "रजा मागायची माझ्या जिवावर यायचं," मामा म्हणाले.

एका साली त्यांनी निरोप धाडला, येतो म्हणून. रजा काही मागितली नाही. नेमका पंचमीच्या आदल्या दिवशी दौरा त्याच रस्त्यानं निघाला. अक्काच्या गावाच्या फाट्यावर, भर पावसात, अक्का पिशवी घेऊन उभी. जीप बघितली आणि पळत आली. मामांनी गाडी थांबवली. तिनं एक पाय पायरीवर ठेवला. चिखलानं भरलेला.

"मी म्हणलो, सरकारी गाडी हाय, अक्का." मामांनी हाताचा तळवा बघितला. "तिनं पाय खाली घेतला. साहेब शेजारीच बसल्ते. भला माणूस होता. बसू द्या म्हणाले असते. पर मी विचारलंच न्हाई."

"मग अक्का?"

"हसली. म्हणली, तुझी सोताची गाडी दारापोतर येईल तवाच येईन. लग्नाकार्याला येती, पर पंचमीला न्हाई आली त्या सालापासून. रिटायर झाल्यापासनं मी दर पंचमीला जातो एस्टीनं, लुगडं घेऊन. ती विचारती, गाडी कुठंय रंग्या? आता गावापोतर डांबर झालं. पर अक्का शेतात राहती. गावाच्या पुढं अर्धा किलोमीटर. नुसती काळी माती."

अर्ध्या किलोमीटरसाठी चार चाकं. मी बारावं कारण लिहिलं. आधीची अकरा खोडली.

ती वही सुरेशभाऊंना दाखवायची माझी फार इच्छा होती. मामांनी मला शपथ घातली. "पोराला मागायचं न्हाई. त्याला पटलं तर पटलं." आणि पटवण्यासाठी ते पिशवीभर माती घेऊन शोरूमला आले. ती माती, मला येताना एस्टीत कळलं, अक्काच्याच शेतातली होती. मुद्दाम जाऊन आणलेली.

सुरेशभाऊ थेट युनिटवरून आले. फरशीवरचा चिखल बघितला, बापाचे हात बघितले, आणि मला आश्चर्य वाटलं, ते हसले. त्या मुलाला म्हणाले, "चारी चाकांची दाखवा. आबांचं समाधान होऊ द्या."

मामा जिंकले होते. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. टायवाल्या मुलानं रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, "सर, फोर व्हीलवाली बुकिंगवर आहे. दिवाळीच्या आसपास मिळेल. पुढच्या चाकाची तयार आहे, चार दिवसांत नेऊ शकता."

मामांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "कालेज, पंचमी कवा हाय?"

"पुढच्या आठवड्यात."

ते खाली बसले. चिखल दोन्ही हातांनी गोळा करून पिशवीत भरला, फरशी रुमालानं पुसली. उठून म्हणाले, "पुढची चाकं चालतील."

"आबा?" सुरेशभाऊ बघतच राहिले. "दोन महिने डोकं खाल्लं तुम्ही आमचं!"

"चालतील म्हणलो ना. बिलकुल चालतील. बैल जवान असला म्हंजे झालं."

आता मला राहवलं नाही. शपथ मोडली. परतीच्या वाटेवर सुरेशभाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून मी त्यांना सगळं सांगितलं. मामा त्यांच्या हट्टानं एस्टीनंच गेले होते. बदनापूरला सुरेशभाऊंनी मोटारसायकल बाजूला घेतली. मग म्हणाले, "आबा मला आजवर एका शब्दानं बोलले नाहीत."

पंचमीच्या आदल्या दिवशी नवी गाडी निघाली. सुरेशभाऊ चालवत होते, शेजारी मामा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, मागे मी. मामांनी बजावलं होतं, "तू बी चल. रकाने तू आखलेत." सकाळपासून पाऊस होता, वाटूर गेल्यावर थांबला. गाव आलं, गाव मागे पडलं, आणि डांबर संपलं. पुढे काळी वाट, पाण्यानं चकाकणारी. सुरेशभाऊंनी गाडी पुढे घ्यायला बघितली. मामांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नको. रुतल."

ते उतरले, चपला काढून गाडीच्या टपावर ठेवल्या, तोंड पुढे करून. विजार गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि निघाले. मीही मागोमाग. दर पावलाला पाय जड होत होता. अर्ध्या वाटेत माझी एक चप्पल मातीनं ठेवून घेतली, ती कायमचीच.

अक्का दारात उभी होती. बारकी, वाकलेली, डोळे मात्र मामांचेच. भावाचे चिखलानं माखलेले पाय तिनं बघितले आणि म्हणाली, "गाडी कुठंय रंग्या?"

मामा अंगणातच थांबले.

"सडकंवर हाय. आपली. सुरेशची. पर दारापोतर न्हाई आली अक्का. चारी चाकांची मिळाली न्हाई. पुढच्याच दोन चाकांची हाय."

"मंग?"

"तू म्हणल्ती ना, दारापोतर आली तरच येईन."

"मी?" अक्का विचार करायला लागली. "मी कवा म्हणले?"

"फाट्यावर. पावसात."

"म्हणले असंन बाबा. पावसात माणूस काय बी म्हणतं." मग तिचा आवाज बदलला. "तू कवा चल म्हणलास? दरसाली यायचा, लुगडं द्यायचा, चहा प्यायचा, एस्टी जाईल म्हणून पळायचा. एक डाव तरी म्हणलास का, चल अक्का म्हणून? मी बी मंग चेष्टा करायची, गाडी कुठंय म्हणून. दुसरं काय बोलावं?"

कोपऱ्यातल्या म्हशीनं मान हलवली. मामांनी घसा साफ केला. जिन्याच्या वळणावर करत तसा.

"चल अक्का," ते म्हणाले.

"येते की," अक्का म्हणाली. "म्हशीचं सूनबाईला सांगून येते."

वाटेनं परत येताना मी अक्काची पिशवी घेऊन मागे होतो. पुढे ती दोघं एकमेकांचा हात धरून. अक्काचा पाय घसरला की मामा रोवून उभे राहत, मामांचा घसरला की अक्का. "घाई करू नको अक्का. बारका गिअर टाक." "मेल्या, तूच पडशील!" अर्धा किलोमीटर जायला त्यांना बराच वेळ लागला. पण कुठे रुतली नाहीत.

सुरेशभाऊंनी पुढचं दार उघडलं. अक्का आत बघत राहिली. खाली नवी कोरी पायपुसणी, प्लॅस्टिकचं वेष्टनही न काढलेली. तिनं एक पाय उचलला, चिखल बघितला आणि पाय परत खाली घेतला.

"घाण होईल रे."

मामांनी वाकून तिचा पाय घोट्याला धरला आणि आत ठेवला.

"ठेव. सरकारी न्हाई ही."

मग ते माझ्याशेजारी मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदाच गाडीत मागे बसले असावेत. सुरेशभाऊंनी आरशातून विचारलं, "निघायचं आबा?"

"निघ. बारका गिअर टाक."

"या गाडीला बारका गिअर नाही आबा."

मामांनी पुढच्या सीटवरचा अक्काचा पदर बघितला, वाऱ्यानं हलणारा.

"मंग हळू चल," ते म्हणाले. "आज कुणाला एस्टी धरायचीय?"