उलटी वायर

आमच्या मजल्यावरचे वाघमारेकाका राउटरला वायर खोचली की त्याच्याकडे वाकून विचारतात, "ऐकतोयस ना?" आणि हिरवा दिवा लागेपर्यंत वाट बघतात. माणसांना हा प्रश्न त्यांनी विचारलेला मला आठवत नाही. माणसांशी ते नुसतेच बोलतात.

काका डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यावर बिल्डिंगमधले टाकून दिलेले राउटर गोळा करू लागले. काकू गेल्या आणि जेवणाच्या टेबलावर राउटरांचीच पंगत बसली. काका ताट मांडीवर घेऊन जेवतात.

"जुन्यांचं काय असतं," ते मला समजावतात, "दोन एकमेकांना साध्या वायरने जोडलेस तर दोघं एकाच तारेवर बोलतात आणि दुसऱ्या तारेवर दोघंही कान लावून बसतात. दिवा काय लागतोय? म्हणून उलटी वायर. नारिंगी जोडी हिरवीच्या जागी. याचं तोंड त्याच्या कानाला."

त्यांची मुलगी सुजाता कोलशेतला राहते. वडिलांनी आता आपल्याकडे राहायला यावं, असा तिचा हट्ट. फोनवर दोघं एकदमच बोलतात, एकदमच फोन ठेवतात आणि मग दोघांचेही फोन मला येतात.

"दादा, बाबांना सांगा, खोली रिकामी केलीय."

"तिला सांग, टेबल हलणार नाही."

मी सुजाताला सांगायचो, "विचार करतो म्हणालेत." काकांना सांगायचो, "तिची काही घाई नाही." दोन्ही खोटं. मनाला टोचायचं, पण काका माझ्यावर खूश होते. "तू आमची उलटी वायर आहेस रे," म्हणायचे.

गेल्या रविवारी सुजाता तिच्या घरचा राउटर घेऊन आली. "नवीन घेतला, हा तुमच्यासाठी." काकांनी आधीच उलटी वायर करून माझ्या हातात दिली होती. बापलेकींचं बोलणं सुरू झालं, अर्थात एकाच वेळी. बोलता बोलताच सुजाताने टेबलावरची एक साधी वायर उचलून आणलेला राउटर काकांच्या सगळ्यात जुन्या राउटरला जोडला.

दिवा लागला.

काका वाकले. चष्मा काढून, पुसून पुन्हा वाकले.

"तुझा हा त्यातल्या त्यात नवा आहे," ते सुजाताला म्हणाले. "याला उलटी लागत नाही. समोरचा कसा बोलतो ते बघून हा आपला कान फिरवून घेतो. दोघांतल्या एकाला जमलं तरी पुरतं..."

आणि मध्येच थांबले. बोलता बोलता थांबलेले काका मी पहिल्यांदाच पाहिले.

मग त्यांनी टेबलाच्या कडेचे दोन राउटर उचलून खाली फरशीवर ठेवले आणि रिकाम्या जागेसमोर खुर्ची ओढली.

"बस. काय म्हणत होतीस खोलीचं?"

सुजाताने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी हातातली वायर टेबलावर ठेवली आणि दार हळूच ओढून घेतलं.