आतून उघडायचं दार

माझ्या नव्या घराचं पुढचं दार मी उलटं बसवून घेतलं.

उलटं म्हणजे डोकं खाली, पाय वर असं नव्हे. तेवढं मला कळतं. आतली बाजू बाहेर आणि बाहेरची आत. कणकवलीहून आमच्या गावी टेम्पोतून तयार दार आलं. गवंड्याने विचारलं, कुठली बाजू बाहेर? ठाण्याच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या, वर्गात डोळे मिटून पूर्व-पश्चिम दाखवणाऱ्या मी ठामपणे बोट केलं. संध्याकाळपर्यंत दार बसलं. कोरलेला मोर आमच्या बैठकीच्या खोलीत आला आणि कडी, बोल्ट, साखळी हा सगळा सरंजाम बाहेर ओटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सोयीसाठी.

सोय लगेच झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या रुक्मिणकाकी दोन शहाळी घेऊन आल्या. हाक मारली, आम्ही मागच्या खोलीत होतो, ऐकू आलं नाही. घर उघडं टाकून ही माणसं बाजारात गेली, आता गुरं शिरतील, असं म्हणून त्या माऊलीने बाहेरून कडी घातली आणि ती मसुऱ्याला भाचीकडे निघून गेली. मागच्या दाराच्या जागी गवंड्याने तात्पुरता पत्रा ठोकलेला. खिडक्यांना नुसते गज; झडपा अजून यायच्या होत्या. मी गज धरून रस्त्याकडे बघत उभा राहिलो. तासाभरात एक बैल गेला. मग एक स्कूटरवाला आला. मी जिवाच्या आकांताने हात हलवला, त्यानेही प्रेमाने हलवला आणि तो गेला. माझी बायको मंगल मोरासमोर खुर्ची टाकून बसली होती.

दुपारी एकला काकी परतल्या, कडी काढली आणि मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, "मास्तरानू, घर बांदलास की कोंडवाडो?" मग त्यांनी सुनावलं की आता कशालाही हात लावू नका, आधी पास्कू मेस्ताला बोलवा.

मेस्त म्हणजे आमच्याकडे सुतार. पास्कू मेस्त इगर्जीच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, पलीकडे राहतो. सत्तरीकडे झुकलेला, सुपारीच्या झाडासारखा सरळ, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट आणि खाली खाकी अर्धी चड्डी. वरचा अर्धा भाग चर्चमधल्या मिसाला निघालेला, खालचा कामाला, असं ते ध्यान. तो आला, उलट्या दारासमोर उभा राहिला, मोराची चौकशी करावी तसा दाराच्या मागेपुढे फिरून आला. हसला मात्र नाही. मग पश्चिमेच्या खिडकीपाशी गेला, गजावरून बोट फिरवलं आणि ते बोट चाटलं.

मी मंगलकडे पाहिलं. मंगलने माझ्याकडे पाहिलं. पास्कू पुढच्या खिडकीकडे गेला. तिथलाही गज चाखला. अशा घराच्या आठही खिडक्या त्याने, लग्नातला आचारी आमटी चाखतो तशा गंभीरपणे चाखल्या, आणि कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर खुणा केल्या. समुद्र आमच्यापासून दीड मैल. पण खारा वारा कुठून घरात शिरतो आणि कुठे नुसता वळसा घालून जातो, हे त्याला जिभेने कळतं. ज्या खिडक्या खारट लागल्या त्यांना पितळी बिजागऱ्या, बाकीच्यांना साध्या. मी उगाच शंका काढली, आठवड्याभरापूर्वी रंगवलेले गज काय सांगणार? त्याने तेच बोट माझ्यापुढे धरलं. मी चाटलं नाही, पण नंतर तो गेल्यावर गुपचूप गज चाटून पाहिला. मला रंगाची चव लागली.

मी त्याला कणकवलीच्या एका दुकानातून आणलेला गुळगुळीत कॅटलॉग दाखवला. सरकत्या काचांच्या खिडक्या मला फार आवडल्या होत्या. खिडकीला पास्कू जनेल म्हणतो. गोव्याकडून आलेला हा शब्द आमच्या बाजूला सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याने एकेक पान उलटून नीट पाहिलं. सरकत्या जनेलाबद्दल त्याचं मत असं पडलं की कितीही सरकवा, अर्धं बंदच राहतं; पैसे पुरे, वारा अर्धा. कॅटलॉग मिटून परत देताना मात्र तो काळजीत दिसला.

"इतकी घरां, इतकी जनेलां," तो म्हणाला, "एकाय जनेलात माणूस दिसणा नाय. रवतलो कोण?"

रवतलो कोण? म्हणजे राहणार कोण? हा त्याचा नेहमीचा प्रश्न. लाकूड कुठलं, झडपा किती, हे नंतर. आधी हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर पटलं नाही तर पास्कू रंधा हातात धरत नाही. मे महिना आणि गणपती एवढ्यापुरतं येणाऱ्यांना तो मोठ्या अदबीने बाजारातलं पत्र्याचं दार सुचवतो. त्याचा कुणावर राग नाही. पण चार-चार पावसाळे खोपीत जपून वाळवलेलं फणसाचं लाकूड कुलपामागे कुजायला द्यायला त्याच्या जिवावर येतं.

आता आमचं ठरलं होतं ते नेमकं तेच. मे महिना, गणपती, आणि बाकी दहा महिने ठाणे. ठाण्यात मुलगा, नातू, माझी सकाळची फिरायची मंडळी. पण ओटीवर उभा तो सरळ म्हातारा माझ्याकडे पाहत होता, आणि एका उलट्या दाराने माझी अब्रू आधीच गेली होती.

"आम्हीच राहणार," मी म्हणालो. "कायमचे."

मंगल चहाचे कप गोळा करत होती. कप जरा जोरात वाजले, एवढंच.

मग तीन महिने पास्कूने आमच्या घरात जे केलं त्याला सुतारकाम म्हणणं म्हणजे विहिरीला खड्डा म्हणणं. पहिल्या दिवशी त्याने मंगलला स्वयंपाकघरात जमिनीवर, विळीवर बसायला सांगितलं. ती संकोचली. माझ्याकडे बघून बसली. त्याने तिच्या डोळ्यांपासून जमिनीपर्यंत माप घेतलं. शहरातले लोक खिडकी उभ्या माणसासाठी करतात आणि मग दिवसभर बसतात, असं त्याचं म्हणणं. माप माणसाचं घ्यायचं, भिंतीचं कोणीही घेतं. गवंड्याला बोलावून त्याने त्या खिडकीची भिंत हातभर उतरवली. गवंडी चिडला, मी खर्च मनात धरून खोकलो, पण झडपा लागल्यावर मंगल पुन्हा विळीवर बसली आणि तिला समोर माड, त्यांच्या पलीकडे खाडी आणि खाडीवरची होडी दिसली. ती मासळी साफ करायची विसरली. पुढे ती विळी तिथून हललीच नाही.

माझं माप घ्यायला त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, दिवसभर काय करता? मी म्हटलं, वाचतो. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग माझी मान डावीकडे कलली आणि डोळे मिटले. जाग आली तेव्हा कळलं की त्याने माझी खिडकी डुलकीच्या मापाची केली आहे: ऊन तोंडावर येऊ नये अशी.

प्रत्येक झडपेच्या कडेला तो नखभर फट ठेवायचा. मला ती चूक वाटली आणि मी ती दाखवून दिली. ती पावसाची जागा आहे, असं कळलं. पावसात लाकूड फुगतं, त्यालाही अंग पसरायला जागा हवी. आषाढात माझ्या सगळ्या खिडक्या लोण्यासारख्या मिटल्या. शेजारच्या गावातल्या एका बंगल्यात म्हणे दोघं जण मिळून दार लाथेने लावत होते. हे मी सर्वांना इतक्या अभिमानाने सांगत फिरलो, जणू फट मीच ठेवली.

शेवटी पुढचं दार तयार झालं. ओटीवर सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर ते आडवं पडलं होतं, पिवळंधमक, मोरबीर काही नसलेलं, आणि तरी बघत राहावं असं. मी खूश झालो. खूश झालो की माझं तोंड माझ्या पुढे चालतं.

"मेस्तानू, बाहेरून कोयंडा मात्र दणकट लावा हां," मी म्हणालो. "दहा महिने कुलूप असायचं."

पास्कूने दारावरचा भुसा हाताने झाडला. पटाशी पिशवीत ठेवली. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, उद्या रविवार, मिसानंतर माझ्याबरोबर चला.

मी गेलो. त्याच्या पिशवीतून किल्ल्यांचा हा एवढा जुडगा निघाला. मुंबईला, आखाताला गेलेल्या लोकांची घरं. पावसाचं पाणी गळतंय का ते बघायला म्हणून कधीतरी त्यांनी किल्ल्या दिलेल्या. बघ म्हणाले होते वर्षातून एकदा. हा दर रविवारी जातो. प्रत्येक घरापाशी थांबतो, बाहेरच्या कुलपाकडे न बघता दारावर दोनदा ठोठावतो, थोडा वेळ थांबतो, आणि मग कुलूप काढतो. आत जाऊन एकेक जनेल उघडतो, बिजागरीला खोबरेल लावतो, वारा फिरू देतो, परत मिटतो.

तिसऱ्या घरी मला राहवलं नाही. आत कोणी नाही हे ठाऊक असताना ठोठावता कशाला, असं मी हसून विचारलं.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. "पण दाराक सवय रवाक व्हयी."

मी पुढच्या घरी हसलो नाही.

सगळ्यात शेवटी त्याचं घर. लहानसं, कौलारू, इतक्या सुरेख झडपा मी कुठेच पाहिल्या नव्हत्या. दारासमोर त्याने हात वर केला, ठोठावायला. तो तसाच हवेत राहिला आणि मग खिशात किल्लीकडे गेला. त्याची बायको फिलू जाऊन पाच वर्षं झाली, हे मला काकींकडून माहीत होतं. कामावरून आल्यावर तो ठोठावायचा आणि ती उघडायची, चाळीस वर्षं. तिने उघडलं की कडीचा आवाज होत नसे, एवढं त्याने सांगितलं.

"आता भायर मीच, भितर मीच," तो म्हणाला. "मास्तरानू, ज्या दाराक आतसून कोण उघडणा नाय, ती भिंतच. तुमचा दार तयार आसा. न्हेवा. पण मी बसवचंय नाय."

घरी येऊन मी मंगलला सगळं सांगितलं. ती विळीवर बसली होती, खिडकीकडे तोंड करून. दुपारी ती चांगलं लुगडं नेसली आणि छत्री घेऊन मला न विचारता निघाली. दोन तासांनी परत आली. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "मेस्तांना सांगून आले, मी राहणार. तुम्ही तोंडाने बोललात, मी आता करून दाखवते. तुमचं तुम्ही बघा."

मी चार दिवस माझं मी बघितलं. म्हणजे ठाण्याला जाऊन आलो. फिरायच्या मंडळींनी माझी जागा भरून काढली होती. एक नवीन गृहस्थ माझेच विनोद सांगत होते. मुलाला म्हटलं, ठाण्याचं घर आता तूच वापर. त्याने इतक्या चटकन हो म्हटलं की मला जरा लागलं.

परत आलो तेव्हा दार बसलेलं होतं. कडी आतून. बाहेर कोयंडा नावाला.

तेव्हापासून दर रविवारी पास्कू किल्ल्यांची फेरी संपवून आमच्याकडे येतो. काम काही नसतं. दिवसा आमचं दार सताड उघडं असतं. तो ओटीवर चढतो, उघडं दार बाहेरून ओढून घेतो, नीट लावतो, आणि दोनदा ठोठावतो. मंगल स्वयंपाकघरातून हात पुसत येते, दार उघडते, म्हणते, "या मेस्त." तो आत येतो, घावणे खातो, झडपांवरून हात फिरवतो, जातो. मी पेपरमागे तोंड लपवून ऐकतो. कडीचा आवाज खरंच होत नाही.

गेल्या रविवारी मंगल मागे विहिरीवर होती. ठोठावणं ऐकून म्हटलं, म्हातारा ताटकळायला नको. मी धावत गेलो आणि मोठ्या अगत्याने दार उघडलं.

पास्कूने मला पाहिलं. मागे खोलीत पाहिलं. पुन्हा मला पाहिलं.

"तुमका दार उघडूक येणा नाय, मास्तरानू," तो म्हणाला. "लावा परत, आणि वयनीक धाडा."