तळं नेमकं कोणाच्या खात्यात?

एका जंगलात, मुलांनो, एकही झाड नव्हतं. हसू नका. पार उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, झुडपं जेमतेम तुमच्या गुडघ्याएवढी वाढतात. पण तिथे राजा होता, मंत्री होते, म्हणजे जंगलच म्हणायचं.

तिथे एक उथळ तळं होतं. तळ्याखालची जमीन युगानुयुगं गोठलेली, फरशीसारखी टणक. म्हणून पाणी वरच राही.

तळ्यात लूनबाई राहायच्या. लून हा बदकासारखा पक्षी. त्याला जमिनीवर धड चालता येत नाही, आणि उडायचं तर आधी पाण्यावर लांबलचक धाव घ्यावी लागते. लूनबाईंचं पिल्लू अजून उडायला शिकलं नव्हतं.

मग उन्हाळे लांबले. जमिनीतला बर्फ वितळला, फरशीला भोकं पडली आणि तळं गुपचूप खाली झिरपू लागलं.

लूनबाई घाबरल्या. पोहत पोहत काठावरच्या कोल्हेसाहेबांकडे गेल्या. ते वरच्या पाण्याचे मंत्री.

“साहेब, तळं आटतंय हो!”

“जे वर दिसतं ते पाणी माझं,” कोल्हेसाहेब शेपटी झटकत म्हणाले. “गेलेलं पाणी दिसतंय का?”

“नाही.”

“मग ते माझ्या खात्यात येत नाही.”

लूनबाई पोहत तळ्याकाठच्या लेमिंगरावांच्या बिळापाशी आल्या. लेमिंग म्हणजे उंदराचा गुबगुबीत भाऊबंद. हे खालच्या पाण्याचे मंत्री.

“अभिनंदन करा!” बिळात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते म्हणाले. “आमच्याकडे पाणी वाढलंय. बायको गाद्या घेऊन माहेरी गेली, पण प्रगती म्हटल्यावर एवढं चालायचंच.”

“अहो, ते आमच्या तळ्यातलं पाणी आहे!”

“तळ्यात होतं तोवर. वरून खाली येताना ते कोणाचं, हे मात्र मला विचारू नका.”

शेवटी लूनबाई पलीकडच्या काठावर पहुडलेल्या अस्वलमहाराजांकडे गेल्या. महाराज जांभई देत म्हणाले, “दोघांनी एकत्र बसून तोडगा काढा.”

बैठक झाली. खेळीमेळीत झाली म्हणतात. बैठकीहून कोल्हेसाहेब एकटेच परतले, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. भूक नव्हती म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही खाती त्यांच्याकडेच आली. “वरचं माझं, खालचंही माझं,” ते म्हणाले. “म्हणजे थेंबही वाया गेला नाही!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लूनबाईंना वेळ नव्हता. त्या पिल्लाला घेऊन उरलेल्या पाण्यावर धावत होत्या.

“आई, पाय चिखलाला लागतात गं!”

“लागू देत. थांबू नकोस. वाऱ्याकडे तोंड करून धाव!”

पिल्लू पडलं, रडलं, पुन्हा धावलं. एका वादळी सकाळी ते उचललं गेलं. लूनबाईंचं अंग जड. दोनदा त्या चिखलात आपटल्या. तिसऱ्यांदा वाऱ्याचा एक मोठा झोत आला, आणि पोटाला चिखल फासलेल्या लूनबाई वर उठल्या. दोघं दूरच्या नदीकडे गेली. ती नदी यंदा अवेळी भरून वाहत होती. तळ्याचं पाणी जमिनीखालून तिथेच तर चाललं होतं.

इकडे कोरड्या तळ्यात उभे राहून कोल्हेसाहेबांनी जाहीर केलं, “तळ्याबद्दल आता एकही तक्रार उरलेली नाही.” आणि ते खरंच होतं.

तात्पर्य: वरचं पाणी आणि खालचं पाणी एकच असतं, हे ज्याला कळतं त्याने वेळेत उडायला शिकावं. ज्याला कळत नाही त्याने मुळीच घाबरू नये. त्याला खातं मिळतं.