ऐकीव शहाणपण

गोळाबाईची अंघोळ बंद झाली आणि घरात पहिली ठिणगी पडली.

गोळाबाई म्हणजे घरातली वयानं सर्वांत लहान आणि आवाजानं सर्वांत मोठी व्यक्ती. दात दोनच, पण त्यांचा धाक बत्तिशीइतका. तिची आई, म्हणजे या घरची सूनबाई, विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायची. अर्धवट कागदांवर तिनं जन्मात सही केली नव्हती, अशी तिची कचेरीत ख्याती. येत्या सोमवारी तिची रजा संपत होती. गोळाबाईला सासूबाईंच्या हवाली करून कामावर जायचं, हे केव्हाच ठरलं होतं. सासूबाई कपड्यांच्या कारखान्यात पन्नास बायकांवर देखरेख करून निवृत्त झालेल्या. एका गोळ्याला त्या काय घाबरणार?

मधे कडमडलं ते पुस्तक.

ते कागदाचं नव्हतं, ऐकायचं होतं. इतिहास, विज्ञान, आरोग्य, समाज, सगळ्याकडे नव्या नजरेनं बघायला लावणारं. सूनबाईच्या नवऱ्यानं ते मोठ्या हौसेनं विकत घेतलं होतं. "वाचायला फुरसत नाही ना? मग ऐका. दोघी ऐका. एका पुस्तकात दोघी शहाण्या." तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना सोडवणं हा त्याचा धंदा. पण स्वतः अडकल्यावर कुणाला फोन करायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

टॅब पलंगाशेजारच्या फळीवर असायचा. सकाळी गोळाबाईला पाजताना सूनबाई पुस्तक लावायची. वाचणाऱ्या गृहस्थांचा आवाज दुधावरच्या सायीसारखा. प्रकरण मध्यावर येईतो गोळाबाईचे डोळे मिटायचे. मग सूनबाई हळूच आवाज बंद करून चवड्यांवर खोलीबाहेर. दुपारी सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालायला बसायच्या आणि तेच बटण दाबायच्या. घड्या संपेपर्यंत प्रकरणही संपायचं. दुसऱ्या दिवशी सूनबाईनं लावलं, की नवंकोरं प्रकरण सुरू. 'किती समजूतदार यंत्र आहे,' तिला वाटायचं, 'मधेच बंद केलं तरी पुढच्या प्रकरणाच्या आरंभी आणून सोडतं!' सासूबाईंना पुस्तक आवडलं होतं. फक्त एक खटकायचं. या लेखकाला दर प्रकरण 'पण'नं सुरू करायची खोड होती.

"आज पोरीला पाणी नाही लावलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. अंघोळीनं कातडीची छिद्रं उघडतात आणि रोग आत शिरतात. राजेरजवाडे वर्षवर्ष अंघोळ करत नसत."

"म्हणून तर अंगाला अत्तरं फासत असतील."

"पुस्तकात आहे, आई."

"मीही तेच पुस्तक ऐकते. त्यात म्हटलंय, खुशाल घाला अंघोळ."

"त्याच पुस्तकात?"

"त्याच. आणि त्याच बाप्याच्या तोंडून."

सासूबाईंचं लक्ष दुपट्यांत असतं, ऐकणार काय, असं सूनबाईनं मनाशी ठरवलं. सासूबाईंनीही मनाशी ठरवलं: शिकलेली आहे पोरगी, पण कानात बोळे.

मग खिडकीचं प्रकरण आलं. रात्रीच्या हवेत विष असतं म्हणून सूनबाई खिडकी लावून घ्यायची. बंद खोलीत जीव गुदमरतो म्हणून सासूबाई उघडायच्या. खिडकीचा बोल्ट रात्रभर खाली-वर होत होता. सकाळी सूनबाईनं नवऱ्याला विचारलं, "तुम्हीच सांगा, खिडकी उघडी हवी की बंद?" तो म्हणाला, "मला आधी झोप हवी." दोघींनी एकमतानं त्याला गप्प केलं. त्या आठवड्यात त्यांचं एवढंच एकमत झालं.

पण खरं दुखलं ते पुढच्या प्रकरणानं. लेकराला सारखं उचलू नये, मुके घेऊ नयेत, छातीशी कवटाळू नये, पुढं पोर दुबळं निपजतं, असं त्या सायीच्या आवाजानं सांगितलं. तेही अशा ठामपणे, की सूनबाईनं ऐकता ऐकता गोळाबाईच्या टाळूवरून हात काढून घेतला. सोमवारनंतर दिवसभर पोर दिसणार नाही, आणि आत्ता समोर दिसतेय तर उचलायची नाही! ती पलंगाच्या कडेला हातावर हात ठेवून बसली. गोळाबाईनं दोन्ही हात वर केले. सूनबाईनं भिंतीकडे बघितलं.

संध्याकाळी पाहते तर सासूबाई नातीला कडेवर घेऊन घरभर फिरताहेत, आणि वर पटापट मुके.

"आई, खाली ठेवा तिला! पुस्तकात सांगितलंय."

"पुस्तकातच सांगितलंय, जितकं उचलाल तितकं थोडं."

"असं कसं असेल?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"म्हणायचं काय राहिलंय? बास! ज्या आजीवर विश्वास नाही, तिच्याकडे पोर कशाला ठेवतेस? बघ तुझं तू."

सूनबाईला रात्री झोप आली नाही. सकाळी तिनं पाळणाघरवाल्या बाईंना फोन केला.

बाई शनिवारी घरी आल्या. ऐसपैस, हसतमुख, पदराला चार किल्ल्या. सासूबाई कोपऱ्यात पाठ फिरवून घड्या घालत बसल्या. पाठसुद्धा रागावलेली दिसत होती. सूनबाईनं नियम सांगायला सुरुवात केली.

"अंघोळ घालायची नाही."

"बरं."

"खिडकी उघडायची नाही."

"बरं..."

"आणि रडली तरी उचलायचं नाही."

बाईंनी आधी सूनबाईकडे बघितलं, मग गोळाबाईकडे. "मग मी करायचं काय हो? लांबून नमस्कार?"

"पुस्तकात आहे," सूनबाई पुटपुटली.

"नाहीये," कोपऱ्यातली पाठ म्हणाली.

"आहे!"

"नाहीये!"

"अहो, मग लावा ना ते पुस्तक," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे पोरं भांडली की मी खेळणंच मधे आणून ठेवते."

नवऱ्यानं टॅब आणला आणि ते प्रकरण पहिल्यापासून लावलं. सायीचा आवाज खोलीत पसरला. लेकराला उचलू नये, मुके घेऊ नयेत. सूनबाईची मान ताठ झाली. "ऐकलंत?" सासूबाईंचे हात घडी घालता घालता थांबले. असं काही त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. "हा मेला बदललेला दिसतोय," त्या हळूच म्हणाल्या.

एवढ्यात गोळाबाईचे डोळे मिटले. सूनबाईचा हात सवयीनं बटणाकडे गेला.

"अगं अगं, बंद काय करतेस?" सासूबाई ओरडल्या. "हा 'पण' म्हणाला की माझं प्रकरण सुरू होतं!"

हात हवेतच राहिला. आवाज म्हणाला, "पण हे सारं सपशेल चुकीचं होतं." आणि पुढं सांगू लागला, की त्या काळी मोठमोठे जाणकार असंच समजत, आणि लेकरांचे त्यात फार हाल झाले. आता कळतंय, की लेकराला जवळ घ्यावं, हवं तेव्हा, हवं तितकं.

नवऱ्यानं मागची दोन प्रकरणं चाळली. अंघोळीच्या प्रकरणात 'पण', खिडकीच्या प्रकरणात 'पण', सगळे बरोबर मध्यावर.

"म्हणजे सूनबाई लोकांच्या चुका ऐकत होत्या, आणि तुम्ही त्यांची दुरुस्ती," पाळणाघरवाल्या बाई सासूबाईंना म्हणाल्या. त्यांचं पोट गदगदा हलत होतं. "एका पुस्तकात दोन घरं!"

"आणि मी अर्धवट कागदांवर सही करत नाही म्हणून मिरवते," सूनबाई म्हणाली. तिनं झोपलेल्या गोळाबाईला उचलून घट्ट छातीशी धरलं. गोळाबाई जागी झाली आणि तिनं असं भोकाड पसरलं, की पाळणाघरवाल्या बाईंनी किल्ल्या सावरल्या.

"ही आजीकडेच ठेवा," जाता जाता त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बाकीचीही झोपायची असतात."

दार लागल्यावर सूनबाई सासूबाईंच्या शेजारी बसली आणि एक दुपटं उचलून घडी घालू लागली. "आई, ठेवाल ना तिला?"

"आधी घडी नीट घाल. ही काय घडी आहे? अर्धीच!" सासूबाई म्हणाल्या, आणि नातीसाठी हात पसरले.

त्या दिवशी घरात कायदा झाला: प्रकरण संपल्याशिवाय कुणी काही करायचं नाही.

सोमवारी सूनबाई कामावर गेली. दारातून तीनदा परत आली, पण गेली. गोळाबाई आता सायीच्या आवाजाशिवाय झोपेना, म्हणून सासूबाईंनी सकाळीच पुस्तक लावलं. इकडे जेवणाच्या सुट्टीत पोरीची आठवण अनावर झाली, तेव्हा सूनबाईनंही फोनवर तेच पुस्तक लावलं. टॅबचं आणि फोनचं खातं एकच. तेवढाच घरचा आवाज.

येताना तिनं बाजारातून पिशवीभर फळं घेतली. जेवणाच्या सुट्टीत ऐकलं होतं, ताज्या फळांसारखं दुसरं काही नाही. घरात शिरली तर स्वयंपाकघरात वाफेचा लोट. नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून एक करडी, सुरकुतलेली गोळी घशाखाली ढकलत होता.

"हे काय?"

"द्राक्ष आहे," तो म्हणाला. "होतं."

सासूबाई मोठ्या पातेल्यात सफरचंदं ढवळत होत्या. "कच्च्या फळानं ताप भरतो. पुस्तकात सांगितलंय. आण इकडे ती पिशवी, तीही उकडून टाकते."

सूनबाईनं पिशवी पाठीमागे धरली. "आई, आपला कायदा काय ठरला होता? प्रकरण पूर्ण ऐकलंत?"

"ऐकलं म्हणजे? पोर झोपली तेव्हा बंद केलं, ते खरं. पण दुपारी आठवणीनं परत लावलं, तर पुढचं प्रकरण सुरू! म्हटलं, चला, हे संपलं." त्यांनी कौतुकानं टॅबकडे बघितलं. "काही म्हण, यंत्र मोठं समजूतदार आहे."