रुसवामुक्त लग्न

या लग्नात कोणीही रुसणार नाही, असा निर्णय मी एका सकाळी माझ्या लेकीला, खुशबूला, वरणभात भरवताना घेतला. (वरणभात तिच्या तोंडात कमी आणि माझ्या गाऊनवर जास्त होता. अशा अवस्थेत माणसाने कुठलाही निर्णय घेऊ नये, हा लग्न ठरलेल्या मुलामुलींना माझा पहिला सल्ला.)

मी वेडिंग प्लॅनर आहे. गोंदियात हे सांगितले की समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, "म्हणजे बिछायत केंद्र ना? मंडप, गाद्या, खुर्च्या?" नाही म्हटले की, "मग केटरिंग?" तेही नाही म्हटले की त्याला माझी दया येते. मी नागपूरला जाऊन रीतसर डिप्लोमा केला आहे. त्यात आम्हाला कलर थीम, लाइटिंग आणि नवरदेवाची 'ग्रँड एंट्री' शिकवली. फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, हा विषय अभ्यासक्रमात नव्हता.

घरची परिस्थिती अशी. सासूबाईंचे, म्हणजे पार्वताबाईंचे, म्हणणे की लोकांच्या लग्नात जेवायला जायचे असते, कामाला नाही. नवरा संघदीप पंचायत समितीत क्लार्क आहे, त्यामुळे तो कुठल्याच बाजूने बोलत नाही. फाईल इकडून तिकडे सरकवतो. त्याने माझ्यासाठी एका कॉन्व्हेंटमध्ये के.जी.च्या मॅडमची जागा बोलून ठेवली होती. तोपर्यंतची माझी कामगिरी म्हणजे दोन बारशी आणि एका कृषी केंद्राचे उद्घाटन. तेव्हा ठरले असे, की हे पहिले मोठे लग्न नीट पार पडले तर माझा धंदा चालू; नाही पडले तर जूनपासून मी 'ए फॉर ॲपल'.

लग्न योगेश्वरीचे होते. तिचे वडील कन्हैयालालजी, राइस मिलवाले, पोवार समाजातले मोठे नाव. कोहमाऱ्याला हायवेवरच्या एका लॉनवर लग्न ठरले होते. मी त्यांच्यापुढे मोराच्या थीमचा कागद उलगडला. त्यांनी तो एकदा सरळ पाहिला, एकदा उलटा पाहिला, आणि घडी घालून परत दिला.

"बाई, फुलं लावा, लाइट लावा, मोर उडवा. मले त्यातलं काई समजत नाई. तेवढे आमचे भाऊजी सांभाळा."

भाऊजी म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीचे यजमान भैय्यालालजी, नवरीचे फुफाजी, त्या घरचे सर्वांत जुने जावई. आणि त्या घराण्यात अंतरपाट धरायचा तो सर्वांत जुन्या जावयानेच. कन्हैयालालजींच्या स्वतःच्या लग्नात फुफाजी रुसले, कारण जीपमध्ये ड्रायव्हरच्या बाजूची जागा मिळाली नाही. थोरल्या मुलीच्या लग्नात रुसले, कारण पत्रिकेत नाव तिसऱ्या ओळीत गेले. एका बारशात तर वांग्याची भाजी आधी शेजारच्याच्या पत्रावळीवर पडली म्हणून ते हात न धुता सरळ तिरोड्याला घरी गेले.

(आम्ही बौद्ध. आमच्या लग्नात विधी आटोपशीर असतो. वंदना, प्रतिज्ञा, फुले, झाले. रुसायला वेळ मिळत नसेल असे तुम्हाला वाटेल. माझ्या लग्नात संघदीपचे मोठे भाऊजी वंदना संपण्याआधी रुसून बसले होते. त्यांनी वेळ काढला.)

आता, मी मोबाइलवर बालसंगोपनाचे लेख वाचते. (मुलगी शिंकली तरी वाचते. दर आठवड्याला तिला एखादा दुर्मिळ आजार असतो.) त्या सकाळच्या लेखात लिहिले होते, 'मूल हट्ट करते तेव्हा त्याची गरज अपूर्ण असते. गरज आधीच ओळखा आणि पूर्ण करा. तरीही हट्ट केलाच, तर लक्ष देऊ नका.' खुशबूवर याचा काडीचा परिणाम झाला नव्हता. पण चूक लेखाची नसून खुशबूची असावी, असा मी विचार केला आणि लेख फुफाजींना लावला.

योगेश्वरीची आई दुलारीबाई यांना बसवून मी फुफाजींच्या सगळ्या जुन्या रुसव्यांची कारणे विचारून घेतली आणि एकेकाचा बंदोबस्त केला. पत्रिकेत नाव पहिल्या ओळीत, बाकीच्यांपेक्षा जाड अक्षरात. (लग्न ठरलेल्या मुलामुलींनो, पत्रिकेत तुमचे नाव चुकले तरी लग्न लागते.) आणायला स्वतंत्र गाडी, पुढची सीट राखीव. बफेच्या रांगेत उभे राहावे लागू नये म्हणून टेबलावर ताट. वांग्याने त्यांना गॅस होतो, म्हणून त्यांच्यापुरती पनीरची भाजी. समोर कूलर, आणि तो बंद पडला तर मागे दुसरा. खुर्चीवर मऊ मखमली गादी. दुलारीबाई हे सगळे ऐकून "बरं" एवढेच म्हणाल्या. तो 'बरं' मला तेव्हा होकारार्थी वाटला.

लग्नाच्या दिवशी फुफाजी पांढऱ्या सफारीत उतरले. मी जातीने त्यांना खुर्चीपर्यंत नेले. ते गादीवर बसले, पुन्हा उठले, तिच्याकडे पाहिले, पुन्हा बसले. पाणी मागायला तोंड उघडले तर पाणी हजर. मग चहा, बिनसाखरेचा, म्हणेपर्यंत बिनसाखरेचा चहा हजर. "हवा नाई येऊन राहिली," असे ते म्हणताहेत तोच मागचा कूलर सुरू झाला. त्यांनी पत्रिका मागवली, चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि पत्रिका हळूच गादीखाली सारली. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मी तो समाधानाचा थकवा समजले.

इतका आनंद झाला की घरी फोन केला. खुशबू जेवली का, विचारले. सासूबाई म्हणाल्या, "जेवून झोपली होती. तुह्या फोननं उठली." आणि फोन ठेवला.

वरात आली. नवरदेव खुमेंद्र ग्रँड एंट्रीच्या धुरातून खोकत स्टेजवर पोचला. लग्न लावणाऱ्या महाराजांनी अंतरपाट मागितला, आणि मखमली गादीवर कोणी नव्हते.

फुफाजी पार्किंगमध्ये, त्याच स्वतंत्र गाडीत, त्याच राखीव सीटवर, काचा वर करून बसले होते. कन्हैयालालजी गेले आणि घाम पुसत परतले.

"काय म्हणाले?"

"म्हनते मी कुठं रुसलो?"

हे ऐकून मंडपातल्या जाणत्या बायांनी पदर तोंडाला लावला. मला त्यातले गांभीर्य कळेना. कारण सांगून रुसलेला माणूस कारण दूर केले की येतो. पण ज्याच्याजवळ कारणच नाही, त्याला आणायचे कसे?

इथे मी लेखाचा उत्तरार्ध काढला. लक्ष द्यायचे नाही. सगळ्यांना सांगितले की पार्किंगकडे पाहू नका, हसा, फोटो काढा. लोकांनी फार शिस्तीने ऐकले. फुफाजींनी काच थोडी खाली केली. कोणी नाही. पूर्ण खाली केली. कोणी नाही. दार उघडून एक पाय बाहेर ठेवला, खाकरले. तेव्हाही कोणी पाहिले नाही (मी डोळे वटारत होते ना). मग ते उतरले आणि आपली पिशवी घेऊन खरोखरच हायवेने चालू लागले.

खुशबू अशा वेळी दोन मिनिटांत परत येते. फुफाजी नाही आले. उलट त्या घरचे बाकीचे जावई उठले. त्यांना कसलाच राग नव्हता. एकाच्या हातात तर अर्धी जिलेबी होती. पण जुना जावई जातो आणि आपण बसून राहतो हे बरे दिसत नाही, असे म्हणत तेही निघाले. त्यांच्या बायका पर्स शोधू लागल्या. खुमेंद्रचे वडील घड्याळाकडे पाहून म्हणाले की मुहूर्त टळला तर वऱ्हाड वापस नेतो. योगेश्वरीने मला खूण करून जवळ बोलावले. मला वाटले, बिचारी रडणार.

"ताई," ती कुजबुजली, "रडता पन येऊन नाई राहिलं. मेकअप आहे."

मी दुलारीबाईंकडे धावले. त्या स्टेजमागे उभ्या होत्या. सकाळपासून त्या उभ्याच होत्या.

"रुसाले जागाच नाई ठेवली तुमी, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "घरी त्याले कोनी विचारत नाई. पोरं टीव्हीचा रिमोट देत नाई. लग्नात चार मान्सं मागं धावते, हातपाय जोडते, तेवढाच त्याचा दिवाळीसारखा सन. तो सन तुमी बुडवला."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुमी शिकल्या आहा. मले वाटलं, नवीन पद्धत असन."

मी विचारले, तुम्ही कधी रुसल्या का. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना विमान चालवता का असे विचारले होते.

"मी रुसली तर भात कोन टाकते?"

आता कोणीतरी फुफाजींचा अपमान केलेला असणे अत्यंत निकडीचे होते. कन्हैयालालजी तयार होईनात. त्यांनी चूक कबूल केली तर ती पुढच्या पिढीपर्यंत ऐकवली जाईल. आचारी म्हणाला, माझे नाव घेऊ नका, मला सीझन काढायचा आहे. बँडवाल्यांनी नकार देऊन वाजवायला सुरुवात केली. एकेक करत सगळ्यांच्या नजरा माझ्यावर येऊन थांबल्या. मी त्या घरची नव्हते, नवरदेवाकडची नव्हते, समाजातलीही नव्हते. माझ्याशी कोणाचे कायमचे संबंध बिघडण्याची सोय नव्हती. अशी माणसे लग्नात फार उपयोगाची असतात.

आम्ही नारळ, शेला आणि बँड घेऊन हायवेवर पोचलो तेव्हा फुफाजी ढाब्याच्या पुढे पोचले होते. (फार पुढे नाही. अधूनमधून थांबून चपलेतला खडा काढत होते. तो खडा फार चिवट असावा.) कन्हैयालालजींनी विचारले, "भाऊजी, या बाईकडून काई चुकलं का?"

फुफाजींच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा तेज आले. त्यांनी मला खालून वर पाहिले.

"मले गादी कायले देली?" ते म्हणाले. "बाकी साऱ्याइले सादी खुर्ची, आन् मले गादी? मी काय बिमार आहो? मूळव्याध आहे मले?"

मागच्या जावयांनी एकदम माना हलवल्या. एवढा सणसणीत अपमान आपल्या नजरेतून सुटला कसा, असे त्यांना वाटत होते.

मी म्हटले, "सॉरी."

फुफाजी चालू लागले.

"मराठीत," कन्हैयालालजी माझ्या कानात म्हणाले.

मी मराठीत माफी मागितली. ती फार छोटी झाली. पुन्हा मागितली, ती व्याकरणशुद्ध झाली, पण तीत जीव नव्हता, असे एका जावयाचे मत पडले. ढाब्यावरचे ट्रक ड्रायव्हर खाटा ओढून आमच्याकडे तोंड करून बसले. एकाने हिंदीत सुचवले की दीदी, थोडा झुक के. तिसऱ्या वेळी मी नारळ पुढे केला आणि बोलायला गेले, तर मला रात्रभर जागणारी खुशबू दिसली, तिचा कालचा सर्दीचा आवाज आठवला, कोणी न पाहिलेले थर्माकोलचे मोर आठवले, 'ए फॉर ॲपल' दिसले, आणि मी भर हायवेवर भोकाड पसरले. नाकडोळे एक करून. हुंदके देऊन. "चुकलं हो माझं, मला काहीच जमत नाही, मला साधी एक पोरगी जेवू घालता येत नाही," असे काहीतरी मी बोलत होते, ज्याचा गादीशी संबंध नव्हता.

फुफाजींनी नारळ घेतला. मग आपल्या पिशवीतून दुपट्टा काढून मला दिला.

"रडू नको, माय," ते म्हणाले. "तिरोड्यात माह्यासाठी इतकं कोनी नाई रडत."

पुढे बँड, मागे शेला पांघरलेले फुफाजी, त्यांच्यामागे जावई आणि शेवटी नाक शिंकरणारी मी, अशी आमची वरात परत आली. खुमेंद्रच्या वरातीला एवढे लोक नव्हते. फुफाजींनी अंतरपाट असा धरला, जणू तो त्यांनीच विणला होता. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, आणि साध्या खुर्चीत बसून, वांग्याची भाजी मागून घेऊन, फुफाजी पोटभर जेवले.

तर लग्न ठरलेल्या मुलामुलींनो, माझा सल्ला एवढाच. मंडप, मोर, धूर यात लक्ष घालू नका. आपल्या घरच्या जुन्या जावयासाठी एक चूक आधीच राखून ठेवा. ती ठळक असावी, त्याला सहज दिसावी, आणि कोणाच्या गळ्यात घालायची तेही ठरलेले असावे.

कॉन्व्हेंटची जागा गेली, कारण त्या लग्नापासून माझा फोन थांबत नाही. आमगाव, देवरी, सडक अर्जुनी, सगळीकडून येतो. पहिला फोन आला तेव्हा मी थीमची फाईल उघडून बसले होते. पलीकडून विचारले, "कोहमाऱ्याले रोडवर रडल्या त्या तुमीच का?" मी हो म्हटले. "मंग डेकोरेशनचं ऱ्हाऊ द्या, ते आमचा बिछायतवाला करते. तुमी फक्त रडाले या." त्यानंतरचे सगळे फोन याच चालीचे. मोरांचे कोणीच विचारले नाही.

परवा गोरेगावकडच्या एका गृहस्थांनी तर विचारले, नमुना ऐकायला मिळेल का. मी डिप्लोमावाली बाई. मला संताप आला. मी वेडिंग प्लॅनर आहे, हे काय समजता तुम्ही मला, असे चांगले खडसावायला मी तोंड उघडले आणि पहिल्याच वाक्यात मी फोनवर हमसून हमसून रडू लागले.

त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतले.

"बस, बस," ते म्हणाले. "पक्कं समजा."