कमरआपांचा फोटो रोज जातो कुठं?

सयाजीराव ढोबळे यांना स्वतःबद्दल बोलायला मुळीच आवडत नसे. त्यात फार वेळ जातो. म्हणून त्यांनी ते सगळं कार्डावर छापून घेतलं होतं आणि समोरच्यानं नाव विचारायच्या आत ते कार्ड त्याच्या हातात ठेवत.

'सयाजीराव ढोबळे, खाजगी गुप्तहेर. तीक्ष्ण नजर, थंड डोकं, पोलादी मनगट. सर्व कामे अत्यंत गुप्तपणे केली जातील. पत्ता : जुन्नरमध्ये कुणालाही विचारा.'

"सावळेराम," ते सांगत, "वीज खात्यात व्हतो तवा लोक मला मीटरवाला म्हनायचे. अरं, मीटर कोन पन वाचंल. मी माणसं वाचायचो. उंबऱ्यात पाय ठेवला की तारंवर आकडा कुठं टाकलाय ते मला घरवालीच्या तोंडावर दिसायचं. ही दैवी देणगी हाय राव. ती वाया जाऊ नये, एवढीच तळमळ."

देणगी वाया जाऊ नये म्हणून जी काही धावपळ लागे, ती सावळेराम करी. सावळेराम शिंपी होता, पन्नाशीला आलेला आणि स्वभावानं मऊ. सयाजीराव एकदा विजारीचं माप द्यायला आले असताना "आजपासनं तू आमचा सहायक" असं म्हणाले, आणि सावळेरामच्या तोंडात त्या वेळी टाचण्या होत्या. टाचण्या काढून 'नको' म्हणेपर्यंत सयाजीराव रस्त्याला लागले होते. तेव्हापासून तो सहायकच होता.

दोन हजार सहा सालची ही गोष्ट. नौशादनं आपल्या स्टुडिओत रंगीत प्रिंटर आणला आणि गावातल्या हौशी मंडळींना घरच्या घरी फोटो काढायचं वेड लागलं. स्टुडिओच्या ओट्यावर, भिंतीला टेकवून, नौशादनं एक बुटका फळा ठेवला. ज्यानं त्यानं संध्याकाळी आपला एक फोटो फळ्यावर लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी त्याखाली चिठ्ठीवर अभिप्राय लिहून टाचायचा, असा नेम ठरला. सावळेराम वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो लावी. सयाजीराव रोज पहाटे त्याच ओट्यावरून त्याच शिवनेरीचा फोटो काढत. आणि चिमाजी मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, जास्वंदीचं एखादं फूल लावून बाकी सगळ्यांच्या फोटोंची हजेरी घेत. 'क्षितिज तिरकं. किल्ला नारायणगावकडे घसरतो आहे,' अशी चिठ्ठी सयाजीरावांना आठवड्यातून एकदा तरी मिळे.

या मंडळींत कमरजहाँआपांना ओढून आणलं सावळेरामनं. आपांचं घर कागद्यांचं. आजोबांच्या वेळेपर्यंत घरात हाताचा कागद बने. आता आपा पुस्तकं बांधत आणि संक्रांतीला पतंग करत. मुलगी झेबा पुण्याला नोकरीला होती. तिनं एक छोटा कॅमेरा आणून दिला, तो कपाटात पडून होता. "आपा, तुमी बाजारात माणसांचे फोटो काढा. माणसं तुमच्याशी बोलत्यात," असं सावळेराम महिनाभर मागं लागला, तेव्हा कुठं त्या तयार झाल्या. आणि पहिलाच फोटो असा निघाला की सावळेराम कात्री हातात धरून बघतच बसला. भाजीवाल्या बयाबाईचा चेहरा होता, सुट्टे नाहीत असं गिऱ्हाइकाला सांगतानाचा.

पण एक होतं. आपा फोटोला टाचणी लावू देत नसत. "कागदाला भोक पाडायचं आमच्या घरात नाही," त्या म्हणत. "आणि माणसाच्या तोंडाजवळ तर नाहीच नाही." घरून वाटीत मैद्याची घट्ट खळ आणायच्या आणि डाव्या हाताला, फळ्याच्या खालच्या भागात, फोटो नीट चिकटवून जायच्या.

सकाळी नौशाद दुकान उघडायला आला की बाकीचे सगळे फोटो जागेवर असत आणि आपांचा तेवढा गायब. एक दिवस झाला, दोन दिवस झाले, आठवडा झाला. फोटोच नाही म्हटल्यावर अभिप्राय तरी कोण लिहिणार?

शुक्रवारी आपा सावळेरामच्या दुकानात येऊन बाकावर बसल्या. "सावळेरामभाऊ, फोटो वाईट असेल तर वाईट म्हणून लिहा. मला काही वाटणार नाही. पण फाडायचा कशाला? या वयात हे काय खूळ, असं कुणाला तरी वाटत असणार. रविवारी झेबा येतीये. कॅमेरा तिच्याजवळ परत देते."

"आपा, दोन दिवस थांबा," सावळेराम म्हणाला. बाईला कपाटातून कॅमेरा काढायला लावणारा तोच होता, आणि तिला असं परतावं लागलं तर त्या फळ्याकडे बघायलाही त्याला लाज वाटली असती. एवढ्या काळजीतच त्यानं ती चूक केली. त्यानं सयाजीरावांना सांगितलं.

सयाजीराव तासाभरात ओट्यावर हजर झाले. सोबत भिंग होतं आणि मैना होती. मैना त्यांची शेळी. ती करडू असताना आई गेली, सयाजीरावांनी बाटलीनं दूध पाजून वाढवली, तेव्हापासून ते जिथं जातील तिथं ती जाई. गुप्तहेराच्या मागं शेळी बरी दिसत नाही, असं सावळेराम एकदा म्हणाला होता. "येडा हाय तू," सयाजीराव म्हणाले होते. "शेळी संगं असली की माणूस शेळीवाला दिसतो. ह्याला वेषांतर म्हनत्यात."

"आधी जागा साफ करू," असं म्हणून सयाजीरावांनी नौशादचा झाडू घेतला.

"सयाजीराव, हितं लेंड्या पडल्यात—" सावळेराम सांगायला गेला.

"गावात घाण लई झाली. गुन्ह्याची जागा कशी लख्ख पायजे." त्यांनी स्वतःच्या हातानं सगळा ओटा झाडला, पाणी मारलं, आणि मग गुडघे टेकून भिंगातून बघितलं. "पुरावा शून्य," ते गंभीरपणे म्हणाले. "चोर भलता सफाईदार दिसतोय."

फळ्यावर मात्र आपांच्या फोटोची वरची कड चिकटून राहिली होती. सयाजीरावांनी तिला बोट लावलं, बोट हुंगलं, डोळे मिटले.

"लिहून घे. खालनं वर फाडलाय, म्हंजी चोर बुटका. कड वली हाय, म्हंजी हाताला घाम, म्हंजी मनात पाप. आन् बाकी एकाच्या बी फोटोला धक्का न्हाई, म्हंजी चोराला कलेतलं कळतं. बुटका, पापी आन् कलेतला जाणकार. जुन्नरात असा मानूस एकच."

चिमाजी मास्तरांची उंची बेताचीच होती, हे खरं. ते अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. सयाजीरावांनी आरोप सांगितला. मास्तरांनी झारी खाली ठेवली.

"सयाजीराव, मला एखाद्याचा फोटो आवडला नाही तर मी फाडत नाही. मी अभिप्राय लिहितो. तो जास्त लागतो."

हे इतकं खरं होतं की सयाजीरावांना निघावंच लागलं. बाहेर येईपर्यंत त्यांचा दुसरा सिद्धांत तयार झाला होता. ज्याचा फोटो, तोच चोर! बाजारातल्या माणसांना आपला चेहरा ओट्यावर टांगलेला खपत नाही, म्हणून ती येऊन काढून नेतात. ते तडक बयाबाईच्या भाजीपुढं जाऊन उभे राहिले.

"बयाबाई, फोटो कुठं लपविलास?"

"कसला फोटू?"

"तुझा. कमरआपांनी काढलेला."

बयाबाईनं कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "माजा फोटू व्हता फळ्यावं? आन् मला दावला न्हाई कुनी? माज्या लग्नात बी फोटू न्हाई काढला. त्यो आनून द्या मला, त्याबिगर हितनं हलायचं न्हाई." मग सयाजीरावांना खरंच हलता येईना. शेवटी नौशादकडून दुसरी प्रत काढून देण्याचं सावळेरामनं कबूल केलं, तेव्हा सुटका झाली. तेवढ्यात मैनेनं बयाबाईची अर्धी पेंढी मेथी फस्त केली होती, तीही सावळेरामनं विकत घेतली.

"आता एकच शक्यता उरती," परतताना सयाजीराव हळू आवाजात म्हणाले. "टोळी. चांगले फोटो चोरून परदेशात इकनारी. उद्या पहाटं सापळा लावू."

शुक्रवारी संध्याकाळी सावळेरामनं विनवण्या केल्या म्हणून आपांनी आणखी एक फोटो लावला. पुन्हा बयाबाईचाच, हसताना. शनिवारी फटफटायला सयाजीराव ओट्यावर उभे राहिले. फळ्याकडे पाठ आणि कॅमेरा शिवनेरीकडे, म्हणजे कुणाला संशय नको. मैना नेहमीप्रमाणे पायांशी. सावळेराम ओट्याच्या बाजूच्या चहाच्या टपरीआड कॅमेरा घेऊन बसला.

धुकं खाली बसलं होतं आणि किल्ल्याचं डोकं तेवढं वर आलं होतं. त्यापुढं गुडघ्यात वाकून, एक डोळा मिटून, श्वास धरून उभे असलेले सयाजीराव. सावळेराम पहाऱ्याचं विसरून गेला. त्याला वाटलं, माणूस कसाही असो, हा फोटो मात्र निघायलाच हवा. त्यानं सयाजीराव नीट मध्ये घेतले आणि बटण दाबलं.

ऊन आलं. सयाजीराव वळले. आपांचा फोटो गेला होता.

"माझ्या पाठीमागं!" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. "मी हितं उभा असताना. सावळेराम, हा मानूस न्हवं. मानसाचं काम न्हाई हे."

हे मात्र त्यांनी अगदी बरोबर सांगितलं होतं.

सावळेरामला काही सुचेना. उद्या झेबा येणार होती. निदान फळ्याचा नेम तरी मोडू नये म्हणून त्यानं सकाळचा फोटो छापून लावला आणि खाली नाव लिहिलं, 'तपश्चर्या'. दुपारपर्यंत चिठ्ठ्या जमल्या. मास्तरांनी लिहिलं होतं, 'किल्ला प्रथमच सरळ. डाव्या कोपऱ्यातील शेळीने लक्ष विचलित होते. कापावी.' नौशादनं लिहिलं होतं, 'शेळी हललीये.' आणि खुद्द सयाजीरावांची चिठ्ठी होती : 'नायक उत्तम. शेळी अनावश्यक.'

सगळ्यांचं एकमत झाल्यावर सावळेरामनं फोटो काढून घेतला आणि दुकानातली मोठी कात्री आणली. सयाजीराव शेजारी उभं राहून कुठून कापायचं ते दाखवत होते. इतक्यात त्यांच्या मंडळी भागूबाई ओट्यापाशी आल्या.

"आवं, जरा घरी या. मैना आठवडा झाला सकाळचा पाला तोंडात धरीना. रोज फिरून येती आन् नुसती रवंथ करीत बसती. डाक्टरला दावा."

"भागू, हितं टोळीचा तपास चाललाय. शेळीचं काय घिऊन बसलीस?"

भागूबाईंचं लक्ष कात्रीखालच्या फोटोकडे गेलं. त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"ही आपली मैनाच की. मागचे दोन पाय जमिनीवं आन् पुढचे फळ्यावं." त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "आवं, हिच्या तोंडातनं बयाबाई बाहेर बघतीया."

नौशादनं भिंग आणलं. मैनेच्या ओठांतून बयाबाईचा अर्धा चेहरा, हसताना, स्पष्ट दिसत होता. तीन जाणकारांनी तो फोटो सकाळपासून पाहिला होता, त्यावर लेखी मतं दिली होती, आणि पुरावा कापून टाकायला कात्रीही लावली होती.

सावळेराम चप्पल न घालताच आपांच्या घराकडे पळाला. आपांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"मैद्याची खळ! पुस्तकाला करते तेव्हा मोरचूद घालते, जनावर तोंड लावत नाही. फोटोची कड हिरवी होईल म्हणून मीच घातलं नाही." मग त्या हसायला लागल्या आणि पदरानं डोळे पुसत बराच वेळ हसत राहिल्या. "म्हणजे कुणाचा राग नव्हता."

"राग कसला आपा. लई आवडीनं खाल्ल्यात तिनं."

सयाजीरावांनी पराभव मानला नाही. "मी पयल्या दिवसापासनं सांगत व्हतो, चोर बुटका हाय," ते म्हणाले, आणि मैनेला दोरी विकत आणायला गेले.

रविवारी फळ्यावर आपांचा नवा फोटो होता. मैना, समोरून, तोंड हलवताना, कसलाही पश्चात्ताप नसलेली. टाचणी आपांनी आताही लावली नव्हती. जाड कागदाचे चार कोपरे करून ते फळ्यावर ठोकले होते आणि फोटो त्यांत अलगद बसवला होता. खाली त्यांच्या आयुष्यातली पहिली चिठ्ठी होती, मास्तरांच्या वळणदार अक्षरात : 'चेहरा जिवंत. पार्श्वभूमी भडक. उजवीकडे जागा सोडायला हवी होती. आणखी काढा.'

आपांनी ती वाचली, परत वाचली, आणि मास्तर रस्त्यानं जाताना त्यांना अडवलं.

"भडक कुठं आहे मास्तर? गोणपाट आहे ते."

"गोणपाट असलं तरी भडक आहे."

"आणि उजवीकडे जागा सोडली असती तर सयाजीराव आले असते."

मास्तर विचारात पडले. "मग सोडली नाही ते बरं केलंत," ते म्हणाले. सावळेराम दुकानातून हे ऐकत होता. शिवता शिवता त्याला इतकं बरं वाटत होतं की एका बाहीची शिवण वाकडी गेली, तरी त्यानं ती हसत उसवली.

झेबा कॅमेऱ्याची पिशवी हातात धरून केव्हाची उभी होती. "अम्मी, कॅमेरा देतेस ना? माझी गाडी निघेल."

आपांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. कॅमेरा त्यांच्या गळ्यात होता आणि मास्तरांशी उजेड कुठल्या बाजूनं घ्यावा यावर वाद चालला होता. झेबा थोडा वेळ थांबली, मग रिकामी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि गाडीला गेली.